तेराव्याचा थेंब

चांदीचा चमचा वाटीवर टक्कन वाजला आणि गप्प बसलेली पंगत केतकीकडे पाहू लागली. आज तिच्या नणंदेचं, नलूचं तेरावं. दुःख उतरवणारा थेंब घरातल्या सगळ्यांनी घेतला होता. राहिली होती फक्त केतकीची सहा वर्षांची रेणू, आणि शेवटच्या माणसाने घेतल्याशिवाय कुणी घास उचलायचा नसतो.

"दे गं तिला," केतकीच्या सासूबाई, माई म्हणाल्या. त्यांची पोटची लेक गेली होती, पण आवाज आता अगदी कोरडा होता. "वर्षात तीन माणसं गेली या घरातली. थेंब नसता तर उभे राहिलो असतो का आपण?"

"माई, लहान आहे हो ती. आत्याची मायाच पुसली गेली तर?"

"आठवण कुठं जाते? दुखणं तेवढं जातं. पोरगी बारा दिवस धड जेवली नाही, ते बघ आधी."

ते खरंच होतं. रेणूच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. आत्याची ओढणी कवटाळून ती झोपेतही हुंदके द्यायची. केतकीने चमचा तिच्या ओठांशी नेला.

रेणूने गिळलं, डोळे पुसले आणि खीर मागितली. माईंनी हुश्श केलं. पंगत जेवू लागली, बोलू लागली. केतकी मात्र लेकीच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिली.

"बरं वाटतंय का, बाळा?"

"हो. आत्या आठवते, पण रडू नाही येत." रेणूने बोटं चाटली. "आई, तू मेलीस की मला थेंब कोण देईल?"