झोळीतलं मशीन

दुपारचं पाणी भरून मालन खोलीत शिरली आणि हंडा कमरेवरून उतरवायच्याही आधी तिने दिवा बघितला. हिरवा दिवा लुकलुकत होता, पेटी टिकटिकत होती. म्हणजे पोरगी श्वास घेत होती. मालनने हंडा मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

मशीन तिच्या दिराने, गुणाजीने, मस्कतहून आणलं होतं. पोरीच्या अंगाखाली हवेची पातळ गादी, गादीतून निघालेली नळी स्टुलावरच्या पेटीत. पोरीचं पोट हललं की गादी हलायची, गादी हलली की दिवा लागायचा. आणि श्वास थांबला तर पेटी अशी बोंबलणार की अख्खी चाळ जागी व्हावी. कांजूरमार्गच्या त्या चाळीत असलं काही कुणी बघितलं नव्हतं. पहिले काही दिवस तर लोक सत्यनारायणाला यावेत तसे दारात येऊन बघून गेले.

मालनला मशीनचं कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती. पहिला मुलगा झोपेतच गेला, तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. त्याचं नाव चंद्रप्रकाश ठेवलेलं. एवढुशा पोराला केवढं ते नाव! या पोरीचं अजून बारसंच केलं नव्हतं. पाजायचं, पाठ थोपटायची, लगेच फळीवरच्या गादीवर ठेवायचं आणि दिव्याकडे बघत बसायचं. पोरीकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

आज मात्र फळी रिकामी होती.

"निजला एकदाचा," विमलाबाई हळूच म्हणाल्या. मालनच्या सासूबाई, मालवणी बोलणाऱ्या. कोपऱ्यातल्या हुकाला जुन्या लुगड्याची झोळी टांगून त्या पाटावर बसून दोरी ओढत होत्या. "सकाळधरून रडत होता गो पोर. फळयेर कोणाचा पोर निजता? माझी सगळी पोरां झोळयेतच वाढली."

"आणि मशीन?"

"ता पण लावलंय. पेटी स्टुलार, गादी आत. गादीसकट ठेवलंय तिका. माका काय कळना नाय? बघ, कसा टिकटिकता."

गुणाजीने जाताना बजावलं होतं. गादी सपाट फळीवरच हवी, तिला हलवायचं नाही. नळी पोरीच्या गळ्यापासून लांब. आणि वहिनी, मशीनच्या भरवशावर राहू नका, आधी पोरीकडे बघायचं, मग दिव्याकडे. मालनने मान हलवली होती. विमलाबाई तेव्हा लेकासाठी नारळ खवत होत्या, त्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं.

मालन दिव्याकडे बघत उभी राहिली. विमलाबाईंनी दोरी ओढली, टिक. झोळी परत आली, टिक. पुन्हा ओढली, टिक. पोरगी श्वास घ्यायची ती भरभर, मग मध्येच थबकायची, मग पुन्हा भरभर. इतका एकसारखा श्वास तिने जन्मात घेतला नव्हता.

आता आपल्याला भीती वाटायला हवी, असं मालनला वाटलं. वाटली नाही. पाय तेवढे आपणहून झोळीकडे गेले. नळी पोरीच्या खांद्यावरून गेली होती ती तिने बाजूला सारली आणि पोरीला उचललं.

"अगो, काय करतस? आत्ताच निजला ना!" विमलाबाई कळवळल्या. हात मात्र सवयीने दोरी ओढतच राहिला.

रिकामी झोळी हलत होती. दिवा लुकलुकत होता. टिक. टिक. टिक.

विमलाबाईंनी झोळीत बघितलं, मालनच्या हातातल्या पोरीकडे बघितलं, मग दिव्याकडे. दोरी त्यांच्या हातातून सुटली.

"मेल्या," त्या मशीनला म्हणाल्या.

पोरीची मान मालनच्या हातावर लुळी पडली होती. मालनने तिच्या पोटावर तळवा ठेवला. हंडा धरून धरून बोटं बधिरली होती. तिने कुंची मागे सारली, गाल पोरीच्या नाकाशी नेला.

"आई, मला काही कळत नाही," ती म्हणाली. आवाज कोरडाच निघाला.

मग तिने पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. जोरात. पोरीने कपाळाला आठ्या घातल्या, पाय आखडला, आणि आंबट दुधाचा एक गरम श्वास मालनच्या गालावर आला. मग भरभर आणखी काही. मग पोरगी थबकली. मालनही थबकली. मग पुन्हा आला.

मालन होती तिथेच फरशीवर बसली.

"माझी अक्कल खय गेली होती गो," विमलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मालनला राग आला नाही, रडूही आलं नाही. पण पोरगी मांडीवर होती आणि तिला फळीवर ठेवायला ती उठली नाही.

झोळी मंद होत होत थांबली. जरा वेळाने पेटीवरचा दिवा लाल झाला आणि पेटी बोंबलायला लागली. शेजारच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "काय झालं गं?" पोरगी दचकून रडू लागली. विमलाबाई धडपडत उठल्या आणि पेटी उलटीपालटी करून बटण शोधू लागल्या.

मालनने पोरीला छातीशी ओढलं. तिच्या तळव्याखाली ते इवलंसं पोट वर येत होतं, खाली जात होतं.

"वाजू द्या, आई," ती म्हणाली. "आत्ता कुठे खरं बोलतंय."