घड्याळजींच्या खोलीतला दिवा

"काकू, जिथला दिवा गेला तिथूनच खणायला घ्यायचं," असं म्हणत वायरमननं मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी पहिली कुदळ मारली. "घराकडून सुरुवात केली, तर अख्खं अंगण उकरत बसावं लागेल."

"उकरा हवं तर. पण संध्याकाळच्या आत दिवा लागला पाहिजे."

काकूंचा हट्ट उगाच नव्हता. अंगणाच्या टोकाला, शेजारच्या भिंतीला खेटून असलेली ती खोली म्हणजे त्यांच्या घड्याळजी नवऱ्याचं सगळं जग. काका जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी तिथं दिवा लावत, भिंतीवरच्या घड्याळांना चावी देत आणि अर्धा तास काकांच्या स्टुलावर बसत. तेलाचा वास, टिकटिक आणि पिवळा उजेड. तेवढा वेळ माणूस गेल्यासारखं वाटत नसे. आज केर काढायला म्हणून बटण दाबलं, तर अंधार. बल्ब बदलला, तरी अंधारच. काकूंना रडूच फुटलं.

घरातला बोर्ड वायरमननं आधीच पाहिला होता. तिथं सगळं ठीक होतं. म्हणजे जमिनीखालची केबल कुठंतरी तुटलेली असणार.

"कुणी टाकली होती ही?" त्यानं विचारलं.

"ह्यांनीच कुणाकडून तरी टाकून घेतली. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. दोन महिन्यांनी येते, तर खोलीत लख्ख उजेड! त्याआधी खिडकीशी बसून काम करायचे. डोळ्यांची वाट लागेल म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे, पण ऐकतील तर शपथ."

"कारागीर माणूस म्हणजे हट्टी असायचाच."

"हट्टी तर हट्टी. मला आत पाऊल टाकू देत नसत. म्हणे, तुझ्या पदरानं स्क्रू उडतात! चहा दारातूनच घ्यायचे. तोही कपानं नाही, थर्मास भरून. एवढा चहा पिणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही." काकू हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

भिंतीपलीकडे धाडकन काहीतरी ट्रकमध्ये आदळलं. धाकटे दीर आणि जाऊ घर रिकामं करून परगावी, मुलाकडे निघाले होते. कायमचे. सकाळपासून तिकडे नुसती रीघ लागली होती. हमाल, भंगारवाला, वीज कंपनीचा माणूस आणि निरोप द्यायला आलेली सगळी गल्ली. सगळी गल्ली, एक काकू सोडून.

एकोणीस वर्षांत त्या घराशी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. कारण ऐकलं तर हसू येईल. घरात पाहुणे आले होते, जेवणाला उशीर झाला आणि जाऊबाई भर पंगतीत म्हणाल्या, "घड्याळजीच्या घरात वेळेवर काही झालंय का कधी?" सगळी पंगत खो खो हसली. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. ते पाहून काका भरल्या ताटावरून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून त्या घराचं पाणीसुद्धा नको मला."

बायकोसाठी सख्ख्या भावाला तोडणारा नवरा! त्या एका वाक्यावर काकूंनी एकोणीस वर्षं काढली. दिराच्या घरचं लग्न झालं, बारसं झालं, तरी त्या गेल्या नाहीत. खरं तर राग कधीच विरघळला होता. धाकट्या दिराला त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून वाढवलं होतं, त्याच्या आठवणीनं जीव तुटायचा. आजही सकाळपासून दोनदा पायांत चपला सरकवून त्यांनी परत काढल्या होत्या. पण गेलेल्या माणसाचा शब्द होता. तो आता त्यांनी नाही पाळायचा, तर कुणी?

"वहिनी!"

भिंतीपलीकडून हाक आली. आवाज थकलेला होता, पण ओळखीचा होता.

"वहिनी, निघतोय आम्ही."

काकूंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

"काकू, कुणीतरी हाक मारतंय," वायरमन म्हणाला.

"मला नाही ऐकू आली."

 पलीकडे ट्रकचं इंजिन सुरू झालं, मागोमाग मोटारीचं दार लागलं आणि दोन्ही आवाज गल्लीच्या वळणापलीकडे विरून गेले. काकू घड्याळांकडे बघत राहिल्या.

"जरा इकडं या," बऱ्याच वेळानं वायरमननं बोलावलं. खड्ड्यात विटांच्या थराखाली काळी केबल उघडी पडली होती. "ही कुठंच तुटलेली नाही."

"मग?"

"ही तुमच्या घराकडे येतच नाही, काकू. ही बघा, वळून भिंतीखाली गेलीय. पलीकडचं मीटर आज काढून नेलं ना? दिवा जाणारच."

काकू खड्ड्यावर वाकल्या. "जुनी असेल," त्या म्हणाल्या. "भांडणाच्या आधीची."

वायरमननं फडक्यानं केबलवरची माती पुसली आणि डोळे बारीक करून तिच्यावर छापलेलं साल वाचलं. "बारा वर्षांपूर्वीची आहे."

काकू मातीच्या ढिगाऱ्यावरच बसल्या. "म्हणजे ह्यांनी... गुपचूप घेतली असेल. भाऊजींना पत्ता लागू न देता."

वायरमन हसला. "पाइप बघा ना, भिंतीच्या पायाखालून दोन वळणं घेऊन गेलाय. असल्या पाइपातून एकट्याला केबल नेताच येत नाही, काकू. एकजण इकडून ढकलतो, तेव्हा दुसरा तिकडून ओढत असतो."