कुंपणासाठी

हळदीकुंकवाचं तबक बायडाबाईंसमोर येऊन थांबलं आणि धायरीच्या त्या सोसायटीच्या हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

बायडाबाई पानशेतच्या पलीकडच्या. तिथल्या बायकांचा गट खंडानं जमीन घेऊन नाचणी करायचा, आणि हाताशी आलेलं पीक रानडुकरं लोळवून जायची. चैतालीची संस्था म्हणजे चार माणसं आणि एक भाड्याची खोली. त्या शेताला कुंपण घालायचं म्हणून ती पैसे जमवत होती. सोसायटीच्या महिला मंडळानं यंदा संक्रांतीचं वाण लुटायचं नाही, ते पैसे चांगल्या कामाला द्यायचे असं ठरवलं होतं. डब्या नेऊन नेऊन घरात डब्यांचं दुकान झालंय, असं एकीचं मत पडलं होतं. मात्र पैसे कुठल्या कामाला द्यायचे, ते आज ऐकून मग बघू म्हणाल्या होत्या.

चैतालीनं माइक घेतला तेव्हा निम्म्या बायका तिळाच्या वड्या खात गप्पा मारत होत्या. ती बियाण्याचं बोलली, खंडाचं बोलली, डुकरांचं बोलली. कोणी मान वर करीना. मग तिच्या तोंडून निघून गेलं, “हे सगळं बायडाबाई एकट्या करतात. पाठीशी कुणी पुरुष माणूस नाही.”

गप्पा थांबल्या.

पाठीशी असलेला पुरुष माणूस हॉलच्या उघड्या दाराबाहेर चैतालीच्याच पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता. सोपानराव, बायडाबाईंचे मालक. विकायला आणलेली नाचणीच्या पिठाची पोती दोघांनी मिळून टेम्पोतून उतरवली होती. सासूबाई गावाला गेल्यामुळे चैतालीला स्पृहाला बरोबर आणावं लागलं होतं, आणि पोर किरकिरायला लागली तसे तेच म्हणाले होते, द्या हिकडं, ऱ्हाती माझ्याकडं. बायकांचा कार्यक्रम आहे, तुम्ही बाहेरच थांबाल ना, हेही त्यांना चैतालीनंच सांगितलं होतं.

“कधी गेले हो?” पुढच्या रांगेतल्या एका आजींनी बायडाबाईंना हळूच विचारलं.

बायडाबाईंना आधी कळलंच नाही. शहरात गळ्यातलं ओढून नेतात म्हणून त्यांनी मंगळसूत्र पोलक्यात सरकवलं होतं, आणि कपाळावरची टिकली पोती धरू लागताना घामाबरोबर कुठे पडली कोणास ठाऊक. त्यांनी चैतालीकडे पाहिलं.

त्या वेळी सांगता आलं असतं. गैरसमज झाला आजी, ते बघा दारात उभे आहेत, एवढंच. पण हॉल कधी नव्हे तो कान देऊन ऐकत होता.

“राहू दे आजी,” चैताली म्हणाली. “तो विषय नको. त्रास होतो त्यांना.”

म्हणून आता तबक थांबलं होतं. ते श्यामलाताईंच्या हातात होतं. श्यामलाताई मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पाहून सोसायटीचा वॉचमनसुद्धा ताठ उभा राहायचा. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

“आमच्याकडे असले भेद चालत नाहीत. नवरा गेला म्हणून बाईचं कपाळ जात नाही. कुणाला पटत नसेल तर आत्ता सांगा, नंतर जिन्यात नको.”

श्यामलाताईंनी बोट कुंकवात बुडवलं.

बायडाबाई खुर्चीतच मागे सरल्या. त्यांची नजर आधी दाराकडे गेली, मग चैतालीकडे आली. चैतालीनं मान खाली घातली. चपला सगळ्यांनी बाहेरच काढल्या होत्या. तिला बायडाबाईंचे भेगाळलेले पाय दिसले, बोटांत झिजलेली चांदीची जोडवी दिसली. तिच्या डोळ्यांदेखत ते पाय हळूच मागे गेले आणि साडीच्या निऱ्यांखाली लपले.

मग बायडाबाईंनी कपाळ पुढे केलं.

टाळ्या पडल्या. एकीनं मोबाइलवर सगळं टिपलं, कुणी कुणी डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. श्यामलाताईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदाचं वाण कुंपणाला, आणि पावसाळ्यात बस करून सगळ्या जणी ते बघायला जाणार. आजींनी बायडाबाईंच्या तोंडावरून हात फिरवला, धीराची गं माझी बाई ती, म्हणाल्या. चैतालीनं सगळ्यांचे आभार मानले. आपलाच आवाज तिला ऐकवत नव्हता.

खाली टेम्पोपाशी सोपानराव उभे होते. स्पृहा त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती आणि तिच्या लाळेनं त्यांचा सदरा भिजला होता. बायडाबाई आत जाऊन बसल्या. कपाळावर कुंकू तसंच होतं. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

जिना उतरताना चैतालीनं माफीचं काहीबाही जुळवलं होतं.

“झालं का कुंपनाचं?” सोपानरावांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

“बेस झालं.” डोकं सांभाळून त्यांनी पोर तिच्या हातात दिली, आपल्या जागेवर जाऊन बसले आणि टेम्पोची किल्ली फिरवायच्या आधी खिडकीतून वाकले. पोर जागी होऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

“ताई, म्या कशानं गेलो तेवढं हिला सांगून ठिवा. त्या बाया कुंपन बघाया येत्याल. कुनी इचारलं, तर तुमचं दोघींचं एकच याया पायजे.”