रात्र म्हणजे रात्र

बाईंच्या वर्गाचा नियम साऱ्या शाळेला ठाऊक होता. कवितेतल्या शब्दाचा जो नुसता वरवरचा अर्थ सांगेल, तो तास संपेपर्यंत बाकावर उभा. "नदी म्हणजे नदी, हे बैलालाही कळतं रे," बाई म्हणायच्या. "आत काय दडलंय ते सांग."

आजची कविता रात्रीवर होती. ती लिहिणाऱ्या कवीला परवाच घरातून उचलून नेलं होतं, आणि आज शेवटच्या बाकावर सरकारी साहेब येऊन बसला होता. "चालू द्या, बाई. नेहमीसारखंच शिकवा."

बाईंच्या बोटांत खडू मोडला. प्रश्न विचारला नाही तर संशय येणार, आणि विचारला तर एखादं पोर खरं बोलून जाणार. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथल्या चुणचुणीत मुलीचा हात रोज सगळ्यांआधी वर असायचा. आज तो मांडीवर घट्ट मिटलेला होता.

"सांग गं बाळा, या कवितेतली रात्र म्हणजे काय?"

"रात्र म्हणजे रात्र, बाई. सूर्य मावळला की होते ती."

वर्गात कुणीही हसलं नाही.

"शाब्बास! अगदी बरोबर. बस खाली." बाईंच्या जिवात जीव आला.

साहेब उठला आणि सावकाश चालत टेबलापाशी आला.

"ओळखलं नाहीत, बाई?" तो हळूच म्हणाला. "अशाच उत्तरासाठी तुम्ही मला तासभर बाकावर उभं केलं होतंत."