झडपेवरचा माणूस

कारखान्यातल्या गॅसच्या बॉयलरची चिमणी प्रमाणाबाहेर हवा ओढायची. वारा सुटला की सगळी उष्णता वर निघून जायची, कधी ज्योतच विझायची. चिमणीची झडप हाताने नेमकी अडवून धरणं फक्त इमॅन्युएलला जमायचं, म्हणून त्याला रजा मिळत नसे. खांडबाऱ्याला, त्याच्या घरी, आजारी बायको सुसाना "आज तरी थांबा" म्हणाली, त्या दिवशीही तो झडपेपाशीच होता. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा ती गेलेली होती.

महिन्याभराने कारखान्यात आपोआप चालणारी झडप बसली. सुपरवायझर अमृतभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटना रे तू! आते पाहिजे तितली रजा ले, घर जाय."

इमॅन्युएल जागचा हलला नाही.


"भाऊ, माझी रविवारची सुट्टीबी काढून घ्या."