मेतकुटाच्या वासावर पहारा

“डाळी मंद आचेवर भाज, यमू. वास चार घरं ओलांडून गेला पाहिजे,” असं थोरल्या जाऊबाई द्वारकाताई यमुनाबाईंना मेतकूट शिकवताना सांगायच्या.

पुढे यमुनाबाईंच्या लेकाने त्याच मेतकुटाची कंपनी काढली, वास ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आणि नकली माल पकडायला गावोगावच्या खांबांवर वास हुंगणारी, चोराच्या घरचा गॅस तोडणारी यंत्रं बसवली. आज यंत्राने पहिला चोर पकडला आणि त्या घरचा गॅस बंद केला. घर द्वारकाताईंचं होतं.

“आई, यंत्राला नाती कळत नाहीत,” श्रीधर फोनवर म्हणाला.

“तुला कळतात?” यमुनाबाईंचा आवाज चढला नाही, पण हातातली जपमाळ थांबली. “जिने विद्या दिली तिलाच चोर ठरवलंस.”

“काकूंनी माफीपत्रावर सही करावी, लगेच गॅस सुरू करतो. एकाला सोडलं की ब्रँड गेलाच.”

“मग जाऊ दे. नोंदणी माझ्या नावावर केलीस ना, फी कमी पडते म्हणून? ती मी आज रद्द करते, म्हणजे तुझ्या यंत्राला कुणाचा गॅस तोडायचा हक्कच उरणार नाही. दिवेलागणीच्या आत जाऊबाईंचा गॅस पेटेल, असा शब्द दिलाय मी त्यांना. तोवर मला अन्न वर्ज्य.”

“आई, वेडेपणा करू नकोस.”

त्यांनी फोन ठेवला, माळ गोमुखीत ठेवली, नोंदणीचा कागद पिशवीत घातला आणि ट्रेडमार्क कचेरीची वाट धरली.