सायकलच्या पुढे

पहाटे साडेपाचला नव्या वर्षाचा तीन दिवसांचा सण सुरू झाला, जुनं वर्ष हाकलायचे फटाके वाजले, तेव्हा कन्निका पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होती. आज अठरा किलोमीटर. शर्यत पंधरा दिवसांवर आली होती, अर्धी मॅरेथॉन, आणि त्याआधी एवढी लांब धाव आता पुन्हा होणार नव्हती.

“फ्रिजवरचा तक्ता वाचला,” बाबा सायकल बाहेर काढत म्हणाले. “आज धाव, मग घर झाडणं, मग केस धुणं. उद्या सणाची वाळू देवळात न्यायची. ऑर्किडला पाणी आठवड्यातून तीनदा. माझं नाव फक्त रविवारी.”

“रविवारी तीन तास मिळतात तुम्हाला. ऑर्किडला वीस मिनिटं.”

“ऑर्किड मागनं सायकल हाणत येत नाही.”

बाबा, म्हणजे इंता, चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पोस्टातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी सायकल तीच होती. पुढच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि केळीच्या पानातला चिकट भात. गेल्या पावसाळ्यापासून चढ आला की ते उतरत आणि सायकल हाताने ढकलत. शिवाय दर चार घरांमागे कुणीतरी हाक मारी. नान नदीच्या काठाने त्यांनी अर्धं आयुष्य पत्रं वाटली होती.

पूल ओलांडल्यावर कन्निकाने मागे पाहिलं. सायकल वळणावरही दिसत नव्हती. ती खाली वाकली, नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला लागली.

“नाडी आहे की साप?” बाबा धापा टाकत पोचले. त्यांचा सदरा भिजलेला होता; सणात एकमेकांना भिजवायची रीत, कुणीतरी सकाळीच त्यांच्यावर बादली रिकामी केली होती. “दर मैलाला सुटते. नवे बूट घे, पोरी.”

“घेते.”

“आणि शर्यतीत घाबरायचं नाही. शेवटून दुसरी येशील. मी आहेच मागे.”

तिने घड्याळ पाहिलं. एकटी धावली असती तर इथं तेरा मिनिटं आधी पोचली असती. पुढच्या रविवारपासून येऊ नका, शर्यतीलाही नको, एवढंच सांगायचं होतं. वाक्य तिने महिनाभर घोकलं होतं. बाबांनी भाताची पुडी सोडून अर्धा भात तिच्यापुढे धरला. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर ते देवळासाठी कागदी पताका कापायला बसले, आणि कात्री हातात असताना ते कुणाचं ऐकत नसत. मग जेवणं झाली. मग पाहुणे आले. उद्या सांगू, असं ठरवून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

दुपारपर्यंत घर भरलं. बरेच जण सणातूनच उठून आले होते, फुलाफुलांच्या ओल्या शर्टांत. इंतांना चटईवर निजवलं होतं. छातीपर्यंत पांढरी चादर, उजवा हात बाहेर, उशीवर, खाली परात. एकेक जण पुढे येई, तळहातावर निरोपाचं शिकेकाईचं पाणी घाली, झाल्या चुकांची क्षमा मागे आणि बाजूला होई. कन्निका परातीशी बसून होती. तिने अजून पाणी घातलं नव्हतं.

“तुला काय बोलायचं ते चांगलंच बोल हं,” चन्ता आत्या तिच्या कानाशी पुटपुटली. “सणाचा मधला दिवस आहे. आज वावगा शब्द काढला तर वर्षभर तोंड नासतं.”

म्हणूनच कन्निकाने अजून भांडं उचललं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या जिन्याने खामपान आली. अडुसष्ट वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. तिच्या मुलाची परदेशातून आलेली पत्रं इंता तिला वाचून दाखवत. सणाच्या तिसऱ्या दिवशी सगळे थोरांच्या हातावर असंच शिकेकाईचं पाणी घालून आशीर्वाद घेतात. तेव्हा गर्दी होते, म्हणून खामपान दरवर्षी एक दिवस आधी येई. भिंतीला धरत ती आत आली. माणसांनी आपोआप वाट दिली. ती गुडघ्यांवर बसली, हाताने चाचपत तो हात शोधला आणि भांड्यातलं पाणी त्यावर ओतलं.

“पोस्टमनदादा, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला,” ती म्हणाली. “गुडघे दुखतात म्हणता ना, तेल आणलंय.”

हात जोडून, मान खाली घालून ती थांबली. इंता गेलेत हे तिला सांगायला कुणाचंही तोंड उघडेना. बाहेर रस्त्यावर एक गाडी गाणी वाजवत गेली.

“आशीर्वाद द्यायला एवढा वेळ?” खामपान हसली. “की झोपलात?”

आत्याने खांद्यावरच्या फडक्याचा बोळा तोंडात धरला. कन्निका पुढे सरकली. म्हातारीचे जोडलेले हात तिने आपल्या हातात घेतले, क्षणभर दाबून धरले. खामपानचं हसू हळूहळू थांबलं. मग कन्निकाने भांडं उचललं आणि उरलेलं पाणी बाबांच्या बोटांवर घातलं.

“बाबा,” ती खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शर्यतीला येऊ नका, असं मला काल सांगायचं होतं. मी दर रविवारी तुमच्यासाठी हळू धावत होते.”